शेण ओळखा, मार्क मिळवा!

या परीक्षेची प्रश्नपत्रिका मातीत असते. परीक्षक पुढे चालतात, मध्येच थांबतात, काठीने जमिनीवर एक गोल काढतात आणि विचारतात, "हे कोणाचं?" गोलाच्या आत कधी पंजाचा ठसा असतो, कधी खुराचा, कधी लेंडीचा एकच दाणा आणि कधी तर नुसती एक रेघ. आता ही रेघ साप सरपटत गेल्याची, की वाऱ्याने हललेल्या गवताच्या पात्याने उमटवलेली? उत्तर परीक्षकांना बाजूला जाऊन हळू सांगायचं. मोठ्याने बोललात तर शेजारचा टपलेलाच असतो! सगळ्यांची उत्तरं झाली की मग त्या गोलाभोवती सारे उकिडवे बसतात आणि खरं उत्तर काय आणि का, यावर चर्चा होते.

मार्क द्यायची तऱ्हा तर और आहे. सोपा प्रश्न चुकला तर जास्त मार्क कापतात आणि फार अवघड चुकला तर कमी. म्हणजे कुठल्या जातीचं मुंगूस ते चुकलं तर एक वेळ चालेल, पण हत्तीचा ठसा ओळखता येत नसेल तर तुम्ही रानात आलात कशाला? (आपल्या शाळेत ही पद्धत आणली तर पाढे विसरणाऱ्यांचं काही खरं नाही.)

ही परीक्षा सुरू झाली दक्षिण आफ्रिकेत, १९९४ साली. ती सुरू करणारे लुई लिबेनबर्ग हे कालाहारी वाळवंटातल्या सान शिकाऱ्यांबरोबर राहून, त्यांच्याबरोबर धावून माग काढायला शिकले होते. त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना मातीतलं सगळं कळतं, अशा कितीतरी जणांना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे त्यांना ना प्रमाणपत्र मिळतं ना धड पगार. म्हणून परीक्षाच अशी काढली की जिथे कागद नाही आणि पेन नाही. दोन वर्षांनी त्यांनी खिशात मावणाऱ्या संगणकावर अक्षरांऐवजी चित्रं बसवली. कारू राष्ट्रीय उद्यानात माग काढणारे कारेल बेनाडी त्या चित्रांवर बोट ठेवून गेंड्याने कोणतं झुडूप खाल्लं याची नोंद करू लागले. अक्षरओळख नसलेला माणूस शास्त्रज्ञांना माहिती पुरवू लागला! मला विचाराल तर या सगळ्या विषयातली ही सर्वांत भारी गोष्ट आहे.

आता तुम्ही विचाराल, हे शेण आणि ठसे ओळखून करायचं काय? तर, रानातला गाईड व्हायचं. दक्षिण आफ्रिकेत, केनियात, बोट्स्वानात, झिंबाब्वेत जगभरचे लोक प्राणी बघायला येतात आणि त्यांना रानातून फिरवून सुखरूप परत आणायचं काम गाईडचं. रान तरी केवढं! दक्षिण आफ्रिकेचं क्रुगर राष्ट्रीय उद्यान सुमारे १९,५०० चौरस किलोमीटरचं आहे. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा म्हणजे अहिल्यानगर. तो आख्खा क्रुगरमध्ये ठेवला तरी वर जागा उरेल. शिवाय क्रुगरला लागून सॅबी सँड, टिंबावाटी अशी खाजगी राखीव रानं आहेत. मधली कुंपणं काढून टाकलेली असल्यामुळे हत्तींना कुठे सरकारी रान संपलं आणि खाजगी सुरू झालं याचा पत्ताही नसतो.

गाईड व्हायला तिथे रीतसर शिकावं लागतं. १९९० साली तिथल्या गाईडमंडळींनी आपली संघटना काढली. अभ्यासक्रम, परीक्षा, पायऱ्या सगळं ठरलेलं आहे. आधी गाडीतून लोकांना फिरवायची परवानगी, मग पुढे कधीतरी पायी फिरवायची. अभ्यासाला काय काय असतं? खडक, माती, हवामान, झाडं, किडे, बेडूक, साप, मासे, पक्षी, सस्तन प्राणी, आकाशातले तारे आणि त्या भागात पूर्वी राहणाऱ्या माणसांचा इतिहाससुद्धा. आणि टायर बदलणं. टायर बदलता आला नाही तर बाकीचं सगळं फुकट, कारण पंक्चर नेमकं सिंह झोपलेले असतात तिथेच होतं.

शाळा कुठे भरते? क्रुगरच्या उत्तर टोकाला, लिम्पोपो आणि लुवुवू या दोन नद्यांच्या मधे मकुलेके लोकांची जमीन आहे. १९६९ साली तिथल्या सरकारने त्यांना घरांतून उठवून दूर पाठवलं आणि जमीन उद्यानात घातली. १९९८ साली ती त्यांना परत मिळाली. पण तिथे पुन्हा घरं किंवा शेतं न करता त्यांनी ते रान रानच राहू द्यायचं ठरवलं, आणि आता पर्यटनातून मिळकत काढतात. या रानात प्रशिक्षणाचा एक तळ आहे. तंबू, एक शेकोटी, शिकायला एक छप्पर. कुंपण नाही! रात्री हत्ती तंबूंच्या मधून जातात, पोट भरेपर्यंत फांद्या मोडतात आणि निघून जातात. अंधार पडला की एकट्याने फिरायचं नाही, बाहेर पाय टाकण्याआधी टॉर्चचा झोत चहूकडे फिरवायचा आणि उजेडात चमकणारे डोळे दिसतात का बघायचं. इथल्या रानात मोठमोठे बाओबाब वृक्ष आहेत. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. आफ्रिकेतून फार पूर्वी व्यापाऱ्यांबरोबर आलेली ही झाडं आपल्याकडे मुंबई-वसई भागात अजून उभी आहेत.

उजाडायच्या आत उठायचं, शेकोटीवरची कॉफी घ्यायची आणि चालायला लागायचं. पहाटे चालण्यामागे कारण आहे. सूर्य खाली असला की ठशाच्या कडेची सावली लांब पडते आणि ठसा उठून दिसतो. भर दुपारी तोच ठसा गायब! म्हणून माग काढणारा नेहमी अशा बाजूला उभा राहतो की ठसा त्याच्या आणि सूर्याच्या मधे येईल.

आणि आता मुख्य विषयाकडे येऊ या. शेण.

नाक मुरडू नका. रानात प्राणी दिसेलच असं नाही, पण त्याने मागे ठेवलेलं हमखास दिसतं. हत्तीची लीद घ्या. खुशाल हातात घ्या, त्यात गवत, साली आणि काटक्या सोडून फारसं काही नसतं, कारण हत्ती खातो त्यातलं निम्मंसुद्धा त्याला पचत नाही. गोळा फोडायचा आणि आत बोट घालून बघायचं. ऊब आहे? मग हत्ती आत्ताच इथून गेलाय, आवाज न करता आजूबाजूला बघा! वरून सुकलेला पण आत ओला, तर काही तासांपूर्वीचा. आत काळं गुळगुळीत बी सापडलं तर कुठलं झाड फळलंय हेही कळतं, म्हणजे उद्या हत्ती कुठे भेटेल याचा अंदाज आला.

गेंड्याचं शेण तर त्याहून मजेदार. आफ्रिकेत गेंडे दोन जातींचे, पांढरा आणि काळा. रंगाने दोघेही मातीच्याच रंगाचे, त्यामुळे नावावर जाऊ नका, तोंड बघा. पांढऱ्याचा ओठ रुंद आणि सपाट, तो गवत खातो. काळ्याचा वरचा ओठ टोकदार, तो त्याने फांदी ओढून खातो. पण गेंडा समोर नसताना कसं ओळखायचं? शेण उकला. नुसतं बारीक गवत दिसलं तर पांढरा. काटक्यांचे लहान तुकडे दिसले आणि ते कात्रीने तिरपे कापल्यागत निघाले, तर काळा! त्याची दाढ फांदी अशीच तिरकी कापते. हत्तीच्या लिदीतही काटक्या असतात, पण त्यांची टोकं चावून फुटलेली असतात. समजलं ना? काळा गेंडा चिडका म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे हे तुकडे दिसले की पुढे जायचं की मागे फिरायचं, हे तिथेच ठरतं.

तरसाची विष्ठा वाळली की खडूइतकी पांढरी होते, कारण तरस हाडं चावून खातं आणि हाडांतलं कॅल्शियम बाहेर पडतं. जिराफ एवढा उंच, पण लेंड्या बोटाच्या पेराएवढ्या. उंचावरून पडत असल्यामुळे त्या चांगल्याच विखुरतात. आणि हरणांच्या टणक लेंड्या तोंडात धरून कोण लांब थुंकतो, अशी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत खरोखर खेळतात. गाईड पाहुण्यांनाही खेळायला लावतात. मी यावर काही बोलणार नाही.

ठशांचं गणितही शिकण्यासारखं आहे. मांजराच्या कुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून सिंहाच्या, बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. कुत्री, कोल्हे, तरस यांची नखं उमटतात. मग चित्ता? तो मांजराच्या कुळातला, पण त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत, म्हणून त्याच्या ठशात ती दिसतात. २०२२ साली नामिबियातून मध्य प्रदेशातल्या कुनो उद्यानात आठ चित्ते आणले, तेव्हापासून ही खूण भारतातल्या वनरक्षकांच्याही कामाची झाली आहे. आणखी एक खूण म्हणजे मांजरकुळाच्या ठशात तळव्याच्या मोठ्या गादीची मागची कड तीन गोलाव्यांची असते. पावसाळ्यात घराजवळच्या चिखलात बघा, मनीमाऊ आणि मोत्या यांचे ठसे शेजारी शेजारी सापडले तर फरक लगेच कळेल. हत्तीच्या तळव्यावर भेगा असतात आणि त्या आपल्या तळहातावरच्या रेषांसारख्या प्रत्येकाच्या वेगळ्या. तरबेज माणूस त्यावरून एकाच हत्तीचा माग काढत राहतो.

ठसा कोणाचा हे कळलं, पण कधीचा? इथे डोकं चालवावं लागतं. समजा काल संध्याकाळी पाऊस पडून गेला. ठशावर थेंबांचे बारीक खळगे असतील तर प्राणी पावसाआधी गेला. खळगे नसतील तर नंतर. ठशावरून रात्री हिंडणाऱ्या किड्याच्या पायांची नाजूक नक्षी गेली असेल, तर प्राणी त्या किड्याच्या आधी येऊन गेला, म्हणजे रात्री किंवा त्याहूनही आधी. सकाळी सातला ताजा, स्वच्छ, नक्षी नसलेला सिंहाचा ठसा दिसला की गाईड थांबतो आणि मागच्यांना हाताने खूण करतो. बोलत नाही.

आणि कान? ताडोब्यात जिप्सीतून फिरताना गाईड "कॉल, कॉल!" म्हणत गाडी बंद करायला लावतात, आठवतं? वानर आणि चितळ ओरडले की वाघ जवळपास आहे. आफ्रिकेत हे काम इम्पाला हरणं फुरफुरून करतात आणि व्हर्व्हेट माकडं ओरडून. या माकडांची गंमत केनियातल्या अम्बोसेली उद्यानात शास्त्रज्ञांनी शोधून काढली आणि १९८० साली जाहीर केली. बिबट्या दिसला तर त्यांची हाक वेगळी, गरुडाला वेगळी, सापाला वेगळी! शास्त्रज्ञांनी आवाज टेप करून झुडपात दडवलेल्या स्पीकरवरून ऐकवले. बिबट्याची हाक ऐकताच माकडं झाडावर चढली, गरुडाची ऐकून वर बघू लागली, सापाची ऐकून मागच्या पायांवर उभी राहून गवतात बघू लागली. प्राणी एकही नव्हता, नुसती हाक.

पक्ष्यांचे आवाज तर शेकड्यांनी पाठ करावे लागतात. क्रुगरमध्येच ५०० हून जास्त जातींचे पक्षी आहेत. पाठांतराची युक्ती तीच, जी आपल्या शेतकऱ्यांनी पावशाच्या "पेरते व्हा" साठी वापरली. तिथला एक होला सकाळी "वर्क हार्डर, वर्क हार्डर" म्हणत असतो. अभ्यासाला बसलेल्या मुलांच्या डोक्यावर बसून म्हणतो, हे विशेष.

एका पक्ष्याची ओळख मात्र जीव वाचवण्यासाठी लागते. ऑक्सपेकर नावाचा हा पक्षी गेंड्यांच्या, रेड्यांच्या पाठीवर बसून गोचिड खातो. झुडपाआडून त्याचा "चर्रर्र" आवाज आला की समजावं, त्याच्याखाली कुणीतरी मोठं उभं आहे. गेंड्याची नजर अधू असते. ह्लुह्लुवे-इम्फोलोझी उद्यानात शास्त्रज्ञ मुद्दाम गेंड्यांच्या दिशेने चालत गेले. हे काम २०२० साली प्रसिद्ध झालं. पाठीवर पक्षी नसला तर काळ्या गेंड्याला माणसाची चाहूल साधारण चारातून एकदाच लागली, पक्षी असला तर दर वेळी लागली. पक्षी ओरडतो आणि गेंडा सावध होतो.

नजर अधू असली तरी गेंड्याचं नाक तिखट असतं. म्हणून पायी फिरणाऱ्या गाईडकडे एक छोटीशी कापडी पिशवी असते, चाळलेल्या राखेने भरलेली. ती हळूच झटकली की राखेचा पुंजका हवेत उडतो आणि वारा कुठे वाहतोय ते दिसतं. वारा प्राण्याकडून आपल्याकडे येत असेल तरच पुढे जायचं. दर काही पावलांनी पिशवी झटकायची, कारण वारा कधी फिरेल त्याचा नेम नाही. एवढं करूनही प्राणी मान वर करून तुमच्याकडे बघू लागला, तर जवळ जाण्यात तुम्ही कमी पडलात. उत्तम गाईड तो, जो हत्ती दाखवून लोकांना परत आणतो आणि हत्तीला कुणी आलं होतं हे कळतही नाही.

पण कळलंच तर? तर पळायचं नाही. हा नियम सगळ्यात आधी शिकवतात आणि पाळायला तोच सगळ्यात कठीण आहे. सिंह समोर आला की पाय आपोआप पळू लागतात, पण सिंहाच्या दृष्टीने पळतं ते भक्ष्य. सगळ्यांनी गाईडच्या मागे एकत्र, गप्प उभं राहायचं, मग त्याने सांगितलं की तोंड सिंहाकडेच ठेवून सावकाश मागे सरायचं. हत्ती कान पसरून, डोकं हलवत, जोराने ओरडत आला तर बहुधा तो धमकावतोय. कान मागे चिकटवून आणि सोंड आत वळवून गप्प आला तर खरंच धावून येतोय. असं पुस्तकात लिहिलेलं आहे. हत्तीने मात्र पुस्तक वाचलेलं नसतं, म्हणून दोन्ही वेळी सावधच राहायचं. पाणघोडा आणि पाणी यांच्या मधे कधीच उभं राहायचं नाही. आणि चिखलाने माखलेला, कळप सोडून एकटा राहणारा म्हातारा रानरेडा दिसला तर लांबून नमस्कार करावा, तो धमकीबिमकी देत बसत नाही.

पायी नेणाऱ्या गाईडकडे रायफल असते. डोळे बांधून ती भरता यावी लागते. नेमबाजीच्या परीक्षेत सिंहाचं चित्र लावलेला पुठ्ठा दोरीने ओढून अंगावर सोडतात आणि काही सेकंदांत नेम साधावा लागतो. एवढं शिकायचं, आणि आयुष्यभर ती गोळी झाडावी लागू नये म्हणून धडपडायचं!

हॅरी वोलहूटर यांच्याकडे तर वेळेला रायफलही हातात राहिली नाही. क्रुगरच्या जागी पूर्वी जे राखीव रान होतं, त्याचे ते रक्षक. १९०३ च्या ऑगस्टमध्ये संध्याकाळी घोड्यावरून जाताना सिंहाने झडप घातली. हॅरी खाली पडले आणि दुसऱ्या सिंहाने त्यांचा उजवा खांदा जबड्यात धरून फरपटत नेलं. त्यांनी डावा हात पाठीमागून वळवून उजव्या कमरेचा सुरा काढला आणि सिंहाच्या छातीत खुपसला. सिंहाने सोडल्यावर ते रक्तबंबाळ अवस्थेत झाडावर चढले, बेशुद्ध होऊन पडू नये म्हणून स्वतःला फांदीला बांधून घेतलं. पहिला सिंह झाडाखाली आला, तेव्हा त्यांचा बुल नावाचा कुत्रा भुंकून भुंकून त्याला हुसकत राहिला. हॅरी जगले, आणि पुढे कितीतरी वर्षं नोकरीही केली. तो सुरा आणि त्या सिंहाचं कातडं आजही क्रुगरमधल्या स्कुकुझा इथे बघायला मिळतं. मला विचाराल तर निम्मं शौर्यपदक बुलला द्यायला हवं होतं.

गाईडचं बरंचसं काम मात्र इतकं थरारक नसतं. सूर्य मावळताना गाडी थांबवून पाहुण्यांना चहा-कॉफी द्यायची. कुणाला झुडपाआड जायचं असेल, तर आधी आपण जाऊन तिथे कुणी झोपलेलं नाही ना बघून यायचं. सिंह दिसला नाही म्हणून हिरमुसलेल्यांना शेणकिड्याची गोष्ट सांगायची. आणि गोष्ट साधी नाही बरं का! शेणकिडा रात्री शेणाची गोळी ढकलत सरळ रेषेत जातो. कसा? दक्षिण आफ्रिका आणि स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या चिमुकल्या टोप्या घातल्या, आकाश दिसेना म्हणून किडे भरकटले. मग त्यांना जोहान्सबर्गच्या तारांगणात नेलं. छतावर फक्त आकाशगंगेचा पट्टा दाखवला तरी ते सरळ चालले! २०१३ साली हे जगाला कळलं.

गाईडलाही आकाश वाचावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतून ध्रुवतारा दिसतच नाही. तिथे दिशा दाखवतो त्रिशंकू. त्याची लांब दांडी साडेचार पट पुढे वाढवायची आणि तिथून सरळ खाली क्षितिजाकडे यायचं, ती दक्षिण. मे महिन्यात रात्री आपल्याकडूनही तो दक्षिणेला अगदी खाली दिसतो. सुट्टीत गच्चीवरून शोधा.

मुलींनो, बोट्स्वानात चोबे उद्यानातल्या एका लॉजवर गाईडचं काम सगळ्या बायकाच करतात. गाड्या चालवतात, नावा चालवतात आणि हत्तींच्या कळपातून वाट काढतात.

क्रुगरमध्ये पायी फिरायला किमान १२ वर्षांचं असावं लागतं आणि गाईडचं प्रशिक्षण घ्यायला १८ वर्षांचं. गाईडचं काम करायला वाहन चालवण्याचा परवाना लागतो, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं आणि पहाटे कुणी हाक न मारता उठावं लागतं. पहिल्या दोन गोष्टींना अजून वेळ आहे. तिसरी उद्यापासून सुरू करा.